डाव्या बाजूची भिंत

केस कापणारा माणूस बडबड्या असतो असं सगळे धरून चालतात. या गल्लीतला मात्र नव्हता. चाळीस वर्षं त्याने एका खुर्चीच्या सलूनात दाढ्या केल्या, डोकी भादरली, आणि तेवढ्या काळात तो जेवढं बोलला तेवढं त्याची बायको एका सकाळी दूधवाल्याशी बोलून मोकळी व्हायची. लोकांनी त्याचं नावच मौनी पाडलं होतं. पुढेपुढे तर पाटीवरचं खरं नाव कुणी वाचेनासं झालं.

गिऱ्हाईक बसलं की मौनी "दाढी?" एवढं विचारायचा आणि मग तोंडाला कुलूप. गाल फुगवायला हवा असेल तर तो स्वतःचा गाल फुगवायचा. समोरचा लगेच फुगवायचा. वरच्या ओठावरून वस्तरा फिरवायचा असेल तर मौनी आपला ओठ दातांवर ओढून धरायचा, की गिऱ्हाइकाचाही ओठ ताणला जायचा. मान, हनुवटी, कान, सगळं असंच. आपण हुकूम पाळतोय हे खुर्चीतल्या माणसाच्या गावीही नसायचं. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त पोस्टमास्तर एकदा म्हणाले, "लेका, तू काही सांगत नाहीस, तरी माझी मान आपोआप वळते. जादूटोणा करतोस की काय?" मौनी म्हणाला, "हं." त्याच्या हिशोबी ते भाषणच होतं.

एका मंगळवारी सकाळी याच पोस्टमास्तरांच्या तोंडाला फेस लावताना मौनीच्या उजव्या हातातून ब्रश पडला. उचलायला गेला तर हात जाईना. काहीतरी बिनसलंय हे लपवायला त्याने सवयीने गाल फुगवला, तर एकच गाल फुगला आणि दुसऱ्या बाजूने हवा फुस्स करून निघून गेली. पोस्टमास्तरांनी ते आरशात पाहिलं. माणूस तसा कटकट्या, पण त्या दिवशी देवासारखा धावला. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी गाडी थांबवली, मौनीला आत कोंबलं आणि दुपारपर्यंत दवाखान्याच्या बाकावर तसेच बसून राहिले. फेस वाळून त्याची पापडी झाली होती. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, वेळेत आणलंत म्हणून निभावलं.

जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, म्हणजे मुळात होतं तेवढं. पायही महिन्याभरात काठीच्या आधाराने चालायला लागला. ओठ उजवीकडे थोडा ओघळलेलाच राहिला. पण उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा, कुणी दुसऱ्याने विसरून ठेवल्यासारखा. आणि मौनीला तर तोच हवा होता. पाय गेला असता तर खुर्चीशेजारी स्टूल टाकून त्याने काम केलं असतं. पण वस्तरा धरता येणार नसेल तर आपण सकाळी उठायचं तरी कशाला, हे तो बायकोला सरळ म्हणाला. बायकोने ऐकलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "उठायचं, कारण मला अंथरूण घडी करायचं असतं." मग तिने त्याला चमच्याने भरवायला घेतलं. प्रत्येक घासाला ती स्वतः आ करायची. मौनी वैतागला. "तुझं तोंड कशाला उघडतेस? जेवतोय मी," तो म्हणाला. "मी कुठे उघडतेय?" ती म्हणाली आणि पुढच्या घासाला पुन्हा आ केला.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. वयाने थोरलीएवढ्याच असतील. थोरली म्हणजे मौनीची मोठी मुलगी. या बाईंचा स्वभाव खमक्या, हात गरम आणि बोलणं स्पष्ट. त्यांनी आधी आरशाचा उपाय काढला. टेबलावर आरसा उभा केला, लुळा उजवा हात त्याच्या मागे लपवला, चांगला डावा हात पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आता डावा हात हलवा आणि आरशात बघा. मेंदूला वाटेल की उजवाच हलतोय. पुष्कळांना याचा उपयोग होतो."

मौनीने दोन मिनिटं बघितलं. "हा डावाच आहे," तो म्हणाला.

"हो, पण तसं समजायचं नाही."

"चाळीस वर्षं आरशात बघून काम केलंय, बाई. आरशातला डावा कुठला आणि उजवा कुठला हे मला झोपेतही कळतं. मला नाही फसवता यायचं."

बाई हसल्या आणि आरसा उचलून कपाटात ठेवला. मग त्यांनी दुसरी गोष्ट समजावली. आपल्या मेंदूत म्हणे काही पेशी अशा असतात की आपण कप उचलला की त्या जाग्या होतात, आणि दुसऱ्याने कप उचलताना नुसतं बघितलं तरी त्याच जाग्या होतात. पहिल्यांदा त्या माकडांच्या डोक्यात सापडल्या. माणसांत त्या किती, कुठे आणि नेमकं काय काय करतात यावर शास्त्रज्ञ अजून हमरीतुमरीवर येतात. पण एवढं खरं की हात पडलेल्या माणसाने रोज एखादं काम नीट निरखून बघितलं आणि लगेच तेच करायचा प्रयत्न केला, तर पुष्कळदा फरक पडतो. "बघणं म्हणजे अर्धं करणंच असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गिऱ्हाइकाचे गाल कसे फुगवता ते पोस्टमास्तरांनी सांगितलं मला. हा तोच प्रकार आहे."

त्यांनी फोनवर एक चित्रफीत लावली. एक हात कप उचलत होता, ठेवत होता, पुन्हा उचलत होता. तीन दिवस बघून मौनीला जांभया आल्या. बाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या धंद्याचंच काहीतरी बघायला हवं तुम्हाला. ओळखीच्या कामाला मेंदू लवकर साद देतो. घरात वस्तरा चालवणारं आहे का कुणी?"

मौनी कपाटाकडे बघू लागला. बायको म्हणाली, "आहे. सध्या सलून तीच उघडतेय."

ती म्हणजे थोरलीच. शहराच्या पलीकडच्या टोकाला एका बायकांच्या पार्लरमध्ये ती अठरा वर्षं काम करत होती. बाप पडला तशी तिने रजा टाकली, आईकडून किल्ली घेतली आणि गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून रोज सकाळी सलून उघडायला लागली. पहिल्या आठवड्यात लोक दारातून डोकावून परत जायचे. मग पोस्टमास्तर खुर्चीत बसले, म्हणाले, "माझी अर्धी दाढी बाकी आहे," आणि गाडी रुळावर आली.

तर ठरलं असं, की मौनीने रोज अर्धा तास बाकावर बसून थोरलीचं काम बघायचं, आणि मग हातात वस्तऱ्याची बिनपात्याची मूठ घेऊन तेच करायचा प्रयत्न करायचा. गिऱ्हाईक नसलं की थोरली फुग्याला फेस लावायची आणि त्यावर वस्तरा चालवून दाखवायची. फुग्यावरचा फेस निघाला पाहिजे आणि फुगा फुटता कामा नये. सगळेच या कामात असं शिकतात.

पहिल्या दिवशी मौनीने तोंड वाकडं केलं, झटक्याने झालं होतं त्याहून जास्त. थोरली डावखुरी. आता इथे मागचं सांगायला हवं. सोळा वर्षांची असताना ती सलूनात आली होती आणि म्हणाली होती, "बाबा, मला शिकवा." मौनी त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त बोलला. डाव्या हाताने हे काम होत नाही, म्हणाला. डावा हात गळ्याशी आलेला बघून गिऱ्हाईक उठून पळेल, म्हणाला. आणि वर, इथे सगळं उजव्या हाताचं आहे, खुर्ची डाव्या भिंतीला लागून, फळी आणि नळ उजवीकडे, तू काम करणार कुठे उभी राहून? थोरली घरी गेली आणि वर्षभराने पार्लरमध्ये लागली. त्यानंतर घरात हा विषय कुणी काढला नाही. तिचा डावा हातच जणू घरच्यांना दिसेनासा झाला. जेवताना ती कुठल्या हाताने वाढते, लिहिते कुठल्या हाताने, यावर वीस वर्षांत एक शब्द कुणी उच्चारला नाही.

म्हणून तर पुढचा घोटाळा झाला. व्यायामाच्या बाईंना कुणीच सांगितलं नाही की थोरली डाव्या हाताने वस्तरा चालवते. बायकोने सांगितलं नाही, कारण ते बोलायचं नसतं. थोरलीने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं बापाने सांगितलं असेल. आणि मौनी कशाला सांगतोय? दर शुक्रवारी बाई दवाखान्यात विचारायच्या, "बघणं चालू आहे ना? नीट निरखून?" आणि मौनी म्हणायचा, "हं."

तो खरंच निरखून बघत होता. पोरीचा हात चांगला आहे हे त्याला चौथ्या दिवशीच कळलं होतं. पातं कातडीला लावण्याआधी ती दोन बोटांनी कातडी ताणायची, ते ताणणं अगदी बेताचं. जबड्याखालून वर येताना शेवटी मनगटाला एक बारीक हिसका द्यायची. तो हिसका मौनीचा नव्हता, तिचा तिने कमावलेला होता. वस्तरा गळ्याच्या घाटीशी आला की बाकावर बसलेला मौनी आपला श्वास रोखून धरायचा, हनुवटी वर करायचा. खुर्चीतला माणूस तिच्याकडे बघायचा सोडून आरशातून मौनीकडे बघत हनुवटी वर करायचा. थोरली एकदा म्हणाली, "बाबा, काम मी करतेय की तुम्ही?" तिच्या आवाजात थट्टा होती. मौनीला बरं वाटलं.

एक दिवस मात्र भडका उडाला. पोस्टमास्तर मौनीशेजारी बाकावर बसून गप्पा मारत होते, म्हणजे एकटेच मारत होते, आणि बोलताबोलता त्यांचा ओठ उजवीकडे ओघळायला लागला. मौनीने बघितलं. आधी एकदा, मग पुन्हा. "माझी नक्कल करता?" तो म्हणाला आणि काठी आपटली. पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. त्यांना कळेचना. शुक्रवारी बाईंनी समजूत घातली. समोरच्याचं तोंड जसं असेल तसं आपलं होतं, त्याला नक्कल म्हणत नाहीत. ज्याच्याशी जीव जडलाय त्याच्या बाबतीत तर जास्तच होतं. "ते तुमची थट्टा नव्हते करत. तुमचं दुखणं त्यांच्या तोंडावर उमटत होतं." मौनीने त्या संध्याकाळी काठी टेकत पोस्टमास्तरांच्या दारात जाऊन "चुकलं" म्हटलं. पोस्टमास्तर म्हणाले, "आत ये, चहा घे." त्यांचा ओठ पुन्हा ओघळला, आणि या वेळी दोघेही हसले.

दहा आठवडे गेले. उजव्या हाताची मूठ थोडी आवळायला लागली होती. टॉवेल धरता यायचा, कंगवा दोनतीन वेळा सुटून मग धरता यायचा. त्यापुढे गाडी हलेना. मग एका दुपारी बाई स्वतः सलूनात आल्या, आपलं औषध कसं चाललंय बघायला. त्या दारातच थबकल्या. थोरली एका माणसाची दाढी करत होती, आणि मौनी बाकावर बसून टक लावून बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवर गप्प होता. डाव्या हाताची बोटं मात्र गुडघ्यावर हलत होती. ताणत होती, वळत होती, शेवटी बारीक हिसका देत होती, थोरलीच्या हाताबरोबर, एका ठेक्यात.

"अहो, ही तर डावखुरी आहे," बाई म्हणाल्या.

खुर्चीतल्या माणसालाही वाटलं आपण काहीतरी चोरून ऐकलं. शेवटी थोरलीच म्हणाली, "हो. जन्मापासून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही? उजव्या हातासाठी उजव्या हाताचं काम बघायला हवं होतं. दहा आठवडे तुम्ही भलत्याच हाताचा अभ्यास केलात." मग त्याच मवाळ झाल्या. "चूक माझीही आहे. एकदा येऊन बघायला काय जात होतं मला?"

मौनीने एकच विचारलं. "आता उजव्याचं बघितलं तर?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "बघू. पण पकड येईल, तितपत येईल. वस्तऱ्याचं बारीक काम येईल असं मी म्हणणार नाही." त्या निघून गेल्या. मौनी बाकावर बसून राहिला. इतके दिवस तो एका आशेवर सकाळी उठत होता आणि ती आशा कुणीतरी हळूच काढून घेतली होती. थोरलीने गिऱ्हाइकाचं तोंड पुसलं, त्याला वाटेला लावलं आणि बापाच्या शेजारी येऊन बसली. मग तिने एक फुगा फुगवला, त्याला फेस फासला आणि वस्तरा मौनीच्या डाव्या हातात दिला.

"मला नाही येत डाव्याने," मौनी म्हणाला.

"बोटं तर 'येतंय' म्हणत होती मघाशी," ती म्हणाली.

त्याने पातं लावलं. फुगा थोरलीने धरला होता. कुठे जायचं ते त्या हाताला ठाऊक होतं. फेसाची एक पट्टी निघाली, दुसरी निघाली, तिसऱ्या पट्टीच्या शेवटी मनगटाने आपणहून एक बारीक हिसका दिला. थोरलीचा हिसका. मौनीने तो ओळखला आणि त्याला लाज वाटली, आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. चौथ्या पट्टीला फुगा फुटला. दोघांच्या तोंडावर फेस उडाला.

पुढे महिनाभर फुग्यांचा फडशा पडला. मग एका सोमवारी पोस्टमास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज मौनीच्या हातून. मेलो तर मेलो, पेन्शन तशीही तुटपुंजी आहे." मौनीने खुर्चीच्या डाव्या अंगाला जागा घेतली. फेस लावला. गाल फुगवला, अर्धाच फुगला, पण पोस्टमास्तरांनी आपला पुरता फुगवला. पहिला हात नीट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला वस्तरा खाली आणायला त्याने कोपर मागे घेतलं आणि ते फाडकन भिंतीवर आदळलं. वस्तरा सरकला. पोस्टमास्तरांच्या गालावर लाल रेघ उमटली. बाकावर वाट बघत बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी एकदम "स्स्" केलं, जणू त्यांनाच कापलं होतं.

"काही नाही, काही नाही," पोस्टमास्तर म्हणाले. थोरलीने तुरटीचा खडा फिरवला आणि उरलेली दाढी पूर्ण केली. ती करताना ती कशी उभी राहते ते मौनीने आता बघितलं. इतके दिवस त्याने हात बघितला होता, हातामागचं अंग बघितलं नव्हतं. कंबर वाकडी, खांदा चोरून घेतलेला, कोपर पोटाशी दाबलेलं. फळीवरची वस्तू घ्यायला ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून वाकत होती. आपलं कोपर अजून झणझणत होतं, म्हणून त्याला ते सगळं आपल्या अंगात कळलं.

गिऱ्हाइकं गेल्यावर तो म्हणाला, "बाही वर कर."

तिने केली. कोपरावर जुना, घट्ट झालेला काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी एक ताजा निळा.

"बोलली का नाहीस?"

"सवय झाली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मौनीने सलून बंद ठेवलं आणि गल्लीतल्या सुताराला बोलावलं. खुर्चीचे चार बोल्ट काढले, फरशीत नवी भोकं पाडली, खुर्ची उजवीकडे सरकवली. फळी उतरवून डाव्या भिंतीवर ठोकली. मौनी उजव्या मुठीत स्क्रू धरून उभा होता, सुताराने मागितला की एकेक देत होता. सुताराला नळाला मात्र हात लावू दिला नाही, पाणी कुठूनही आणता येतं म्हणाला. साडेनऊला काम सुरू झालं. एकला सुतार हत्यारं पिशवीत भरून निघूनही गेला.

थोरली भुसा झाडत होती. मौनी खुर्चीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, कोपर मागे घेतलं. ते कुठेच लागलं नाही. त्याने पुन्हा घेतलं.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं," तो म्हणाला. "तेव्हाही अर्ध्याच दिवसाचं होतं."

थोरलीने झाडू थांबवला नाही. "दोन वीत," ती म्हणाली. "खुर्ची दोन वीत सरकवायची होती. तुम्ही जेवायला घरी जायचात तेव्हा मी आत येऊन मोजलं होतं. सांगणार होते. पण तुम्ही आधी म्हणालात की डाव्या हाताने होतच नाही. मग खुर्चीचं काय सांगायचं?"

मौनीने खाली बघितलं. जुन्या चार भोकांपासून नव्या भोकांपर्यंत त्याने डाव्या हाताची वीत टाकली. एक, दोन. बरोबर दोन. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. "माझं चुकलं, पोरी," तो म्हणाला.

थोरली झाडू टेकवून उभी राहिली. तिचाही ओठ उजवीकडे किंचित ओघळला होता. "हो, चुकलं," ती म्हणाली, आणि भुसा सुपलीत भरून बाहेर टाकायला गेली.